बाजींच्या पट्ट्यातली वीज

जानेवारी उजाडला की भोर आणि वेल्हे तालुक्यांतल्या शाळांमध्ये स्नेहसंमेलनांचा हंगाम सुरू होतो. (वेल्ह्याला सरकारदरबारी आता राजगड तालुका म्हणतात, पण एसटीची वाट पाहणाऱ्या माणसाच्या तोंडी अजून वेल्हेच असते.) कोळीगीते होतात, शेतकरी नृत्य होते, हुंडाबंदीवरचे एखादे नाटुकले होते आणि पाहुणे घड्याळाकडे बघू लागले की शेवटी पावनखिंड. ती वगळून चालतच नाही. बाजीप्रभू देशपांडे हिरडस मावळातले, भोरजवळच्या शिंद गावचे. त्यांच्यासोबत खिंड अडवून उभे राहिलेले बांदलही याच खोऱ्यातले. १३ जुलै १६६० हा दिवस इतरांना पाठ्यपुस्तकातली एक सनावळी असेल, इथे ती भावकीतली गोष्ट आहे. त्यामुळे बाजी पडतात तेव्हा मंडपात कोणी खोकतसुद्धा नाही.

नव्वदीच्या दशकात बँकेच्या नोकरीत मी भोरला होतो, तेव्हापासून ही पावनखिंड पाहत आलो आहे. त्या वेळी पट्टा पुठ्ठ्याचा असे, त्यावर चंदेरी कागद. तिसऱ्या वारालाच तो मान टाकी आणि पुढची लढाई बाजींना नुसत्या आवाजावर लढवावी लागे. यंदा मात्र एका शाळेतल्या शिक्षक मित्राने सांगितले, ‘आमचा बाजी उजेडाच्या पट्ट्याने लढणार आहे. या बघायला.’ पट्टा करणारा मुलगा नववीतला, तोरण्याच्या पायथ्याच्या एका वाडीतला. मी लागोपाठ दोन रविवार त्याची खटपट बघत बसलो.

उजेडाची तलवार ही कल्पना मूळची सिनेमावाल्यांची. १९७७ साली ‘स्टार वॉर्स’ आला आणि जगभरच्या पोरांनी झाडू, पाइप, छत्रीच्या दांड्या जे मिळेल ते फिरवायला सुरुवात केली. गंमत अशी, की त्या चित्रपटातल्या नायकाच्या तलवारीची मूठ म्हणजे जुन्या वृत्तपत्र छायाचित्रकारांच्या फ्लॅशचा दांडा होता. पात्याचा रंगीत झोत नंतर फिल्मवर चढवलेला. म्हणजे ती तलवार खरे तर पेटतच नव्हती. आपल्या वाडीतल्या पोराला ही सवलत नाही. त्याचा पट्टा मंडपात, गावासमोर, एकदाच आणि खरोखर पेटायला हवा होता.

आधी त्याने तलवारच करायला घेतली होती. मराठी तलवारीची मूठ मोठी देखणी, पण आत जागा अशी नाही. बोटे मावतील एवढीच पकड. सेल ठेवायचे कुठे? सरांनी सांगितले, बाजी लढले ते दांडपट्ट्याने, मग तलवार कशाला? आणि पेच सुटला. दांडपट्ट्याला मुठीऐवजी लोखंडी खोबळा असतो, कोपरापर्यंत हात झाकणारा. आत एक आडवी दांडी असते, ती मुठीत धरायची. पोलादी पाते लांब, सरळ आणि लवलवते. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली या हत्याराला राज्यशस्त्राचा मान दिला. त्याचा खोबळा सेल, तारा आणि स्विच लपवायलाही उत्तम, हे बहुधा या मुलालाच प्रथम सुचले असावे. त्याने खोबळा केला तेलाचा रिकामा डबा कापून. कडा दुमडून वर जाड कापडी पट्टी चिकटवली, कारण कापलेल्या पत्र्यासारखी धार खऱ्या हत्यारालाही नसते.

नववीच्या विज्ञानात ओहमचा नियम असतो. पोरे तो पाठ करतात, तीन मार्क मिळवतात आणि सोडून देतात. या मुलाने पहिल्या दिवशी एक पांढरा एलईडी तीन पेन्सिल सेलांना सरळ जोडला. तो क्षणभर निळसर तळपला आणि कायमचा मिटला. मग सरांनी त्याला वहीच काढायला लावली. पांढऱ्या एलईडीला लागतात सुमारे ३ व्होल्ट आणि २० मिलिअँपिअर. सेल देतात साडेचार व्होल्ट. वरचा दीड व्होल्ट कोणीतरी अडवायला हवा. दीड भागिले ०.०२, म्हणजे ७५ ओहम. बाजारात सहज मिळणारा त्याच्या वरचा रेझिस्टर ८२ चा. वीज किती येऊ द्यायची हे ठरवणारा हा फाटकावरचा रखवालदार. ते कळल्यावर दुकानातल्या एलईडी पट्टीवर दर दिव्याशेजारी दिसणारा काळा ठिपका काय करतो, हेही त्याला न सांगता कळले.

पाच व्होल्टची अशी मीटरभर पट्टी त्याने पाऊण इंची ॲल्युमिनियमच्या पट्टीवर दोन्ही बाजूंना अर्धी अर्धी चिकटवली आणि वरून फाइलच्या दुधी प्लास्टिकची खोळ चढवली. त्या खोळीमुळे दिव्यांचे सुटे ठिपके विरघळून एकसंध पाते दिसू लागले. पण एक खोट राहिली. खोबळ्याजवळ पाते लख्ख आणि टोकाला मलूल. पट्टीतले तांबे इतके पातळ, की टोकापर्यंत जाता जाता व्होल्टेज वाटेतच झिजते.

हे मुलाला समजावून द्यावे लागले नाही. त्याची वाडी लाइनच्या शेवटच्या खांबावर आहे. संध्याकाळी खालच्या अंगाला मोटारी सुरू झाल्या की वाडीतले दिवे पिवळे पडतात, हे त्याने जन्मापासून पाहिलेले. ‘आमच्यासारखंच झालंय त्याचं,’ तो म्हणाला. भाटघर धरणावर किती दशके वीज तयार होते आहे, आणि त्याच डोंगरांच्या कुशीतल्या पोराला व्होल्टेज का पडते याचे उदाहरण शोधावे लागत नाही! असो. इलाज सोपा होता. वेगळी जाड तार थेट टोकापर्यंत नेली आणि पट्टीला दोन्ही बाजूंनी वीज दिली. टोक उजळले. वाडीला असा इलाज कोण करणार, हे त्याने मला विचारले नाही.

तारा जोडताना मात्र त्याची आजी कामाला आली. सोल्डरचा डाग तांब्यावर बसेना, मोती होऊन घरंगळे. ओसरीवर बसलेली आजी म्हणाली, ‘कल्हईवाला आधी नवसागर टाकतो रं.’ अगदी बरोबर. सोल्डरमध्ये कथलाबरोबर शिसे असते एवढाच फरक. धातूवरचा मळ आधी हटल्याशिवाय कथील धरत नाही. फक्त नवसागर तारांना पुढे खातो, म्हणून इथे राळ वापरायची. राळ लावली आणि डाग चकचकीत बसला. आणखी एक धडा मोडल्यावर मिळाला. एकेरी तार फिरवाफिरवीत नेमकी डागापाशी तुटते. म्हणून बारीक तारांची लडी असलेली वायर घ्यावी आणि डागावर स्लीव्ह चढवून ती बांधून टाकावी.

आता वीज आणायची कुठून? मुलाच्या मनात जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतले लिथियम सेल होते. सरांनी ते हातात घेऊ दिले नाहीत आणि मला ते पटले. अशा सेलाच्या दोन टोकांना पत्रा लागला तर तो पेटतो, आणि इथे तर हात पत्र्याच्या डब्यात अडकलेला. मग पॉवर बँक आली. ‘बँक’ या शब्दाशी माझा जुना संबंध, म्हणून मी तिचे खाते जरा बारकाईने पाहिले. वर छापलेले १०,००० मिलिअँपिअर-अवर हे आतल्या सेलाच्या ३.७ व्होल्टचे असतात. ५ व्होल्टने काढताना ते सातेक हजार भरतात, शिवाय रूपांतराची कपात. अशी बँक आमच्या वेळी चालली नसती! पण खरा घोटाळा निराळाच निघाला. बाजी दोन मिनिटे शांत उभे राहून भाषण करीत, तेवढ्यात, कोणी वीज ओढत नाही असे पाहून पॉवर बँक झोपी जाई. पुढे ‘हर हर महादेव’ म्हणून पट्टा उगारला तरी अंधार.

शेवटी भोरच्या एका फोटोग्राफरने आपल्या फ्लॅशगनचे चार रिचार्जेबल सेल दिले. प्रत्येकी १.२, एकूण ४.८ व्होल्ट. जोरकस प्रवाह देणारे, झोपी न जाणारे.

स्विच ही सगळ्यात सुंदर गोष्ट. फ्रिजचे दार लावल्यावर आतला दिवा विझतो का, हा प्रश्न प्रत्येक घरात एका तरी मुलाने विचारलेला असतो. दारामागे एक बटण असते. ते दाबले की दिवा बंद. मुलाने आणलेल्या मायक्रोस्विचला तीन पाय होते. एका जोडीने तो फ्रिजसारखा वागतो, दुसऱ्या जोडीने नेमका उलटा: दाबला तर चालू. तो त्याने खोबळ्यातल्या आडव्या दांडीवर बसवला. मूठ आवळली की पट्टा पेटणार, मूठ सुटली की विझणार.

त्याचे वडील दुधाचा टेम्पो चालवतात. पोराचे सहामाहीचे गणित त्यांना ठाऊक होते आणि या खटपटीवर त्यांचे मत चांगले नव्हते. ‘दहावीला हे इचारनार हायेत का?’ त्यांनी मला सरळच विचारले होते. संमेलनाच्या रात्री ते टेम्पो लावून मंडपाच्या मागच्या बाजूला उभे राहिले.

दिवे मालवले. ताशा सुरू झाला आणि अंधारात पट्टा उभा पेटला. पुढच्या ओळीतली बारकी पोरे ओरडली. पट्टा फिरला, आडवा झाला, थांबला, पुन्हा फिरला. एकदाही लुकलुकला नाही. विशाळगडाच्या तोफांचे आवाज झाले, तेव्हा बाजी झालेला मुलगा गुडघ्यावर आला, मग कुशीवर. त्याची मूठ हळूहळू सैल झाली. उजेड गेला. मंडपात किती वेळ कोणी टाळी वाजवली नाही, ते मी मोजले नाही.

नंतर पाहिले तर बाप-लेक टेम्पोच्या दिव्यात खोबळा उलटा धरून उभे होते. बाप बोटाने तारा हलवून बघत होता, कुठली कुठे जाते ते विचारत होता. मुलगा घाईत होता. फोटोग्राफरचे सकाळी लग्न होते, आणि चार सेल रातोरात चार्ज करून द्यायचे होते.