एका चरणाला पंचवीस बाळं

लातूर जिल्ह्यात दर सहा तासांत साधारण पंचवीस बाळं जन्माला येतात. हिशेब सोपा आहे. २०११च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या २४ लाख ५४ हजार होती. राज्याचा जन्मदर हजारी १५च्या आसपास आहे. तोच इथे लावला तर वर्षाला सुमारे ३७ हजार, म्हणजे दिवसाला शंभर जन्म होतात. सहाच तास का मोजायचे, तर नक्षत्राचं एक चरण ओलांडायला चंद्राला तेवढाच वेळ लागतो. जिल्ह्यातल्या अहमदपूरच्या घरांत बाळ झाल्या झाल्या घड्याळाकडे बघतात ते या चरणासाठीच.

२७ नक्षत्रं, प्रत्येकाची ४ चरणं, म्हणजे १०८ चरणं आणि दर चरणाला नावाच्या सुरुवातीचं एक अक्षर. अश्विनीला चू, चे, चो, ला. रोहिणीला ओ, वा, वी, वू. सव्वासत्तावीस दिवसांच्या आसपास चंद्र ही सगळी अक्षरं फिरून परत चू वर येतो. देशात वर्षाला जवळपास २ कोटी ३० लाख बाळं जन्मतात. त्यामुळे एकेका अक्षराच्या वाट्याला एका फेरीत सुमारे १६ हजार बाळं येतात. आता गंमत बघा. आर्द्राच्या तिसऱ्या चरणाला ङ आहे, हस्ताच्या तिसऱ्याला ण आणि उत्तराभाद्रपदाच्या चौथ्याला ञ. या तीन अक्षरांवरून कुणी नाव ठेवलेलं ऐकलंय? तरी दर फेरीत देशातली ४८ हजार बाळं या तीन चरणांवर जन्मतात. गुरुजी मग त्याच नक्षत्रातलं किंवा राशीतलं दुसरं अक्षर काढून देतात. नाहीतर जन्मनाव पत्रिकेत राहतं आणि व्यवहाराचं नाव घरचे हवं ते ठेवतात.

अक्षर मिळालं की नाव शोधायचं. नावं तरी किती असू शकतात? बाराखडी पूर्ण धरू नका. रोजच्या वापरातली २५ व्यंजनं आणि ८ स्वर घ्या, म्हणजे २०० अक्षरं झाली. दोन अक्षरी जोड्या ४० हजार, तीन अक्षरी ८० लाख, चार अक्षरी १६० कोटी. यातल्या हजारात एकच जोडणी कानाला बरी लागते असं धरलं, तरी चार अक्षरी नावं १६ लाख उरतात. जोडाक्षरं तर अजून मोजलीच नाहीत. लातूर जिल्ह्यातल्या एकेका बाळाला वेगळं नाव द्यायचं ठरवलं, तर एवढ्यावर ४३ वर्षं निघतील.

प्रत्यक्षात अहमदपूरच्या बाजारात उभं राहून ‘बालाजी’ म्हणून हाक मारा आणि किती माना वळतात ते बघा. या भागात नावं कोशातून येत नाहीत, देवळांतून येतात. परळीचा वैजनाथ, औंढ्याचा नागनाथ, माळेगावचा खंडोबा, माहूरची रेणुका, तुळजापूरची भवानी. म्हणून घराघरांत वैजनाथ, नागनाथ, खंडू, मार्तंड, रेणुका, तुळजाराम, अंबादास. नरसीचा नामदेव, गंगाखेडची जनाबाई. तेलंगणाची हद्द जवळ, म्हणून तिरुपतीचे बालाजी आणि व्यंकट. लिंगायत घरांत बसवराज, शिवलिंग आणि कपिलधारच्या मन्मथस्वामींवरून मन्मथ. स्वतः अहमदपूर ओळखलं जातं ते शिवलिंग शिवाचार्य महाराज अहमदपूरकरांच्या मठामुळे. २०२०मध्ये शंभरी ओलांडून महाराज लिंगैक्य झाले. विष्णूची हजार नावं आहेत, शिवाचीही हजार आहेत, पण वापरात येतात ती मोजकीच.

एकच नाव किती वेळा येईल, याचं गणितही चकवणारं आहे. समजा गावात बरोबर एक हजार नावं चालतात आणि सगळी सारख्याच प्रमाणात ठेवली जातात. चाळीस पोरांच्या वर्गात एकाच नावाची दोघं निघण्याची शक्यता किती? बहुतेक जण चार-पाच टक्के सांगतील. उत्तर ५४ टक्क्यांहून जास्त आहे, कारण चाळीस पोरांच्या जोड्या ७८० होतात. आणि नावं सारख्या प्रमाणात कधीच नसतात. म्हणून शाळेत ‘थोरला बालाजी’ आणि ‘धाकटा बालाजी’ व्हायला वेळ लागत नाही.

हे फक्त आपल्याकडचंच आहे असं नाही. स्कॉटलंडची लोकसंख्या साधारण ५५ लाख, लातूर जिल्ह्याच्या दुपटीहून जास्त. २०२३मध्ये तिथे सुमारे ४६ हजारच बाळं जन्मली. एक जिल्हा आणि एक देश जवळपास एकाच रांगेत येतात. तिथे १८५५पासून सक्तीची जन्मनोंदणी आहे आणि बाळांच्या नावांची यादी दरवर्षी जाहीर होते. जुनी रीत अशी की थोरल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव, दुसऱ्याला आईच्या वडिलांचं, तिसऱ्याला वडिलांचं. एका आजोबांना चार मुलगे असले की चार चुलतभाऊ नाव-आडनावाने हुबेहूब एक. मग टोपणनावांवाचून गत्यंतर नसायचं.

आपल्याकडेही नातवाला आजोबांचं नाव ठेवतात. सासऱ्याचं नाव तोंडाने घ्यायचं नाही, म्हणून सुना त्या पोराला आबा नाहीतर बापू म्हणतात. पण चार चुलतभाऊ एकाच नावाचे असले तरी कागदावर घोटाळा होत नाही, कारण मधलं नाव बापाचं असतं आणि बाप चौघांचे वेगळे. समजा नावं हजार, वडिलांची नावं हजार, आडनावं हजार. तीन भागांच्या जोडण्या १०० कोटी होतात. साडेबारा कोटींच्या महाराष्ट्राला त्या पुरून उरतात, १४० कोटींच्या देशाला पुरत नाहीत. १ मे २०२४पासून जन्मलेल्या बाळाच्या नावात राज्य सरकारने आईचं नाव घातलं आहे: बाळाचं, आईचं, वडिलांचं, मग आडनाव. त्या एका शब्दाने आकडा हजारपट होऊन १ लाख कोटींवर जातो. आधारचा क्रमांक १२ अंकी असतो. पहिला अंक ० किंवा १ नसतो आणि शेवटचा पडताळणीचा, म्हणून जास्तीत जास्त ८ हजार कोटी क्रमांक निघू शकतात. म्हणजे चार शब्दांच्या नावाची धाव आधारपेक्षा बारापट लांब.

या कोटींच्या गर्दीत एक आकडा अगदी लहान आहे: २८५. ऑक्टोबर २०११मध्ये सातारा जिल्ह्यात इतक्या मुलींची नावं एका समारंभात बदलली. त्यांचं आधीचं नाव नकोशी किंवा नकुसा. मुलगाच हवा असताना मुलगी झाली, म्हणून ठेवलेलं. मुलींनी नवी नावं घेतली, कुणी ऐश्वर्या, कुणी वैशाली. धोंडू, दगडू ही नावंही ओबडधोबडच, पण ती पोर जगावं, त्याला दृष्ट लागू नये म्हणून ठेवत. नकोशी हे नाव मुलीला पुसून टाकण्यासाठी होतं. १६ लाख नावं शिल्लक असताना तिच्या वाट्याला ते आलं. २००१मध्ये राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ९१३ मुली होत्या, २०११मध्ये ८९४ उरल्या.

बारशाला आत्या बाळाच्या कानात नाव सांगते, पाळणा हलतो, घुगऱ्या वाटल्या जातात. पण त्या नावाला कागद लागतो. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते. नाव ठरलं नसेल तर वर्षभरात विनाशुल्क लावता येतं, पुढे १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. १ ऑक्टोबर २०२३पासून जन्मलेल्यांना शाळेपासून मतदार यादीपर्यंत हाच दाखला लागणार आहे. तेव्हा नाव देवाचं ठेवा, आजोबांचं ठेवा नाहीतर कुणी न ऐकलेलं ठेवा. पण नगरपरिषदेत किंवा ग्रामपंचायतीत दाखला हातात पडला की बाळाचं, आईचं आणि वडिलांचं नाव, मराठीतलं आणि इंग्रजीतलं, तिथेच उभं राहून वाचून घ्या. चूक असेल तर त्याच दिवशी दाखवा.