काट्यावर विसंबू नका

वाळपईहून केरीमार्गे चोर्ला घाट चढताना पेट्रोल संपलं तर आपण काय करतो? गाडी कडेला लावतो आणि मित्राला फोन करतो. आकाशात कडेला लावायला जागाच नसते.

२५ जुलै २०२२ रोजी बारामतीच्या एका प्रशिक्षण संस्थेचं सेसना १५२ विमान इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीच्या शेतात कोसळलं. इंजिनाचा जोर गेल्याचं प्राथमिक माहितीत सांगितलं गेलं. विमानात एकटीच असलेली शिकाऊ वैमानिक जखमी झाली, पण वाचली. ती साधारण आपल्याच वयाची होती.

इंजिनाचा जोर जायला कारणं अनेक, पण इंधनाचं कारण बहुतेक वेळा जमिनीवरच टाळता येतं. सेसना १५२च्या साध्या टाक्यांत वापरता येण्याजोगं इंधन सुमारे ९३ लिटर. तासाला अंदाजे २३ लिटर धरले, तर कागदावर चार तास. त्यातून अर्ध्या तासाची शिल्लक बाजूला काढली की उरले साडेतीन.

आपण गाडीचा हिशोब किलोमीटरवर करतो, वैमानिक तो तासांवर करतो. ताशी १६० किलोमीटर वेगाने २०० किलोमीटरला सव्वा तास लागतो. समोरून ४० किलोमीटर वेगाचा वारा आला, की तेच अंतर कापायला एक तास चाळीस मिनिटं! रस्ता तेवढाच, पेट्रोल मात्र जास्त.

म्हणून उड्डाणाआधी फक्त काटा बघून भागत नाही. टाकीत मोजपट्टी घालून इंधन मोजायचं. मग टाकीच्या तळातून थोडं इंधन पारदर्शक कपात काढून बघायचं. पाणी जड असल्यामुळे खाली बसतं, ते तिथेच दिसतं. आपल्याकडच्या दमट हवेत तर हे चुकवूच नये.

आणि तरीही इंजिन थांबलंच तर? विमान दगडासारखं पडत नाही, ते तरंगत उतरतं. नाक थोडं खाली करून वेग सुमारे ६० नॉट, म्हणजे ताशी ११० किलोमीटर राखायचा. मोकळं शेत निवडायचं. उंची असेल तर इंधनाचा कॉक आणि इग्निशन तपासायचं, रेडिओवर ‘मेडे’ पुकारायचं. वेग सोडून आधी कारण शोधत बसलात, तर हातचं शेतही जातं.

सगळ्यात कठीण काम मात्र उड्डाणाआधीचं असतं. मागे सगळे खोळंबलेले असताना प्रशिक्षकाला सांगायचं, “सर, इंधन कमी वाटतंय, परत मोजतो.” हे बोलायला लाज वाटता कामा नये.