गाडी कधी हीट होते, ते आधी वहीत लिहा



आपल्या नायगाव भागात आता काही गटांतल्या ताईंच्या घरी प्रवासी गाड्या आहेत. २०१७ साली केंद्र सरकारने आजीविका ग्रामीण एक्स्प्रेस योजना आणली. बचत गटातल्या बाईने गाडी घ्यावी आणि जिथे एसटी कमी जाते त्या गावांना ती चालवावी, हाच तिचा हेतू. गाडी योजनेतून आलेली असो की बँकेच्या कर्जातून, तिच्या मागोमाग हप्ता येतोच. गाडी आठ दिवस गॅरेजला पडली म्हणून हप्ता थांबत नाही. आणि बाळंतपणाची बाई घेऊन विष्णुपुरीच्या सरकारी दवाखान्याकडे निघालेली गाडी वाटेत बंद पडली, तर मग प्रश्न नुसता पैशाचा राहत नाही.

उन्हाळ्यात बैठकीत एक तक्रार हमखास येते. "गावात गाडी ठीक चालते, पण नांदेड रोडला लागली की हीट होते." आज आपण याच तक्रारीबद्दल बोलू. आपल्याला मेकॅनिक व्हायचं नाही. पण डॉक्टरला दुखणं नीट सांगितलं की औषध नीट मिळतं, तसंच गाडीचं आहे.

आधी इंजिन थंड कसं राहतं ते पाहू. डिझेल किंवा पेट्रोल जळून जी उष्णता होते, तिच्यातला साधारण तिसरा हिस्सा इंजिनभोवती फिरणारं पाणी घेऊन जातं. हे पाणी म्हणजे कूलंट. पंप ते फिरवतो. इंजिन पुरेसं तापलं की थर्मोस्टॅट नावाचा छोटा वॉल्व्ह उघडतो, बहुतेक गाड्यांत ८० ते ९० अंशांच्या दरम्यान. मग गरम पाणी समोरच्या रेडिएटरमध्ये जातं, हवेने निवतं आणि परत इंजिनात येतं.

आता महत्त्वाचा प्रश्न. रेडिएटरला हवा कोण देतं? गाडी उभी असेल किंवा बाजारातून हळू चालली असेल तर पंखा देतो. हमरस्त्यावर ७०-८० च्या वेगाने धावताना समोरून वाराच एवढा येतो की पंख्याची फारशी गरज उरत नाही. म्हणून गाडी उभ्यानं तापत असेल आणि रस्त्याला लागल्यावर निवत असेल, तर आधी पंखा तपासायचा. उलट, गावात ठीक आणि हमरस्त्यावर गरम असेल, तर पंख्यावर संशय कमी. तिथे वारा भरपूर आहे, पण इंजिन जास्त उष्णता तयार करतं आणि पाणी ती पुरेशी बाहेर नेत नाही. म्हणजे पाणी कमी आहे, नाहीतर कुठेतरी अडलं आहे, नाहीतर वारा रेडिएटरच्या आतपर्यंत पोचत नाही.

तपासणी स्वस्त गोष्टीपासून सुरू करायची.

पहिलं, सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना कूलंटच्या टाकीतली पातळी बघा. ती खालच्या आणि वरच्या खुणेच्या मध्ये हवी. दर आठवड्याला उतरत असेल तर गळती शोधा. पाइपाच्या जोडावर पांढरे-हिरवे डाग दिसतात.

दुसरं, समोरची जाळी बघा. किडे, धूळ, कापसाचे तंतू, सोयाबीनचा भुसा तिथे बसतो. एसी असेल तर एसीची जाळी आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत जास्त. कमी जोराच्या पाण्याने आतून बाहेर धुवायचं. जोराच्या फवाऱ्याने बारीक पत्र्या वाकतात. जाळीपुढे बॅनर बांधलेला असेल तर काढा.

तिसरं, झाकण. रेडिएटरचं झाकण कुकरच्या झाकणासारखं काम करतं. आत दाब राहतो म्हणून पाणी १०० अंशांच्या पुढे गेलं तरी उकळत नाही. रबर चिरलं की दाब सुटतो आणि पाणी लवकर उकळतं. झाकण बदलणं सगळ्यात सोपं काम.

चौथं, थर्मोस्टॅट. तो अर्धवटच उघडत असेल तर हळू चालताना पुरतो, वेगात पुरत नाही. काढून गरम पाण्यात टाकला की उघडतो का ते डोळ्यांनी दिसतं. कुणी म्हणेल, "वॉल्व्ह काढूनच टाकू." तसं करू देऊ नका. इंजिन वेळेवर गरम होत नाही, डिझेल जास्त लागतं आणि मूळ दुखणं झाकलं जातं.

पाचवं, पंप आणि खालचा रबरी पाइप. पाइप मऊ पडला असेल तर वेगात पंपाच्या ओढीने आत चेपतो आणि पाण्याची वाट अडते. हे मेकॅनिकने रेस देऊन बघायचं.

सहावं, रेडिएटर आतून चोंदणं. आपल्याकडे हे फार होतं, कारण बोअरचं पाणी. ते तापवलं की पातेल्याच्या तळाला पांढरा थर बसतो, तोच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. म्हणून कंपनीने सांगितलेलं कूलंटच टाका. घट्ट कूलंट असेल तर त्यात बॅटरीसाठी मिळतं ते डिस्टिल्ड वॉटर मिसळा.

शेवटी हेड गॅस्केट. गळती नसताना पाणी कमी होणं, टाकीत सतत बुडबुडे, ऑइल दुधाच्या चहासारखं दिसणं, पांढरा धूर, या त्याच्या खुणा. अशी खूण दिसली तर गाडी चालवू नका.

एका गटाच्या गाडीचं उदाहरण सांगतो. पहिल्या गॅरेजमध्ये न विचारताच "इंजिन उघडावं लागेल" असं सांगितलं. गटाने होकार दिला नाही. आठ दिवस वहीत लिहिलं: किती माणसं, किती वेग, एसी चालू की बंद, काटा कुठे. वहीतून दिसलं की ५० च्या वेगाला काटा मध्यावर राहतो, ८० ला वीस मिनिटांत चढतो आणि वेग कमी केला की उतरतो. दुसऱ्या मेकॅनिकने ती वही वाचली आणि थेट रेडिएटर काढला. खालच्या नळ्या क्षाराने बंद होत्या. चालक उन्हाळाभर बोअरचं पाणी भरत होता. रेडिएटर साफ झाला, इंजिन उघडावं लागलं नाही.

वाटेत काटा चढला किंवा लाल दिवा लागला तर काय करायचं? एसी बंद करा, वेग कमी करा, हीटर असेल तर पूर्ण चालू करा. तो इंजिनातली उष्णता बाहेर खेचतो. काटा उतरत नसेल तर सुरक्षित जागी थांबून इंजिन बंद करा. झाकण उघडू नका. शिट्टी होत असलेला कुकर आपण उघडतो का? उकळतं पाणी थेट तोंडावर येतं. निदान अर्धा-पाऊण तास थांबा. गरम इंजिनात थंड पाणी ओतू नका, हेडला तडा जाऊ शकतो. पेशंट सोबत असेल तर गाडी निवण्याची वाट बघू नका, लगेच १०८ ला फोन करा.

बचतीची, कर्जाची, परतफेडीची नोंद आपण ठेवतोच. गाडीसाठीही एक वही ठेवा आणि दर बैठकीत ती वाचा. गॅरेजला जाताना ती सोबत न्या आणि काम सुरू करण्याआधी दोन प्रश्न विचारा: काय तपासलं? त्यात काय दिसलं? उत्तर मिळाल्यावरच खर्चाला हो म्हणा.