बियाण्याची परीक्षा व मोबाईलची चित्रफीत

सोयाबीनचे बी उगवले नाही, तर शेतकऱ्यावर दुबार पेरणीचे संकट ओढवते. बियाणे व मजुरी तर वाया जातेच. पण हातचा गेलेला वाफसा कोणत्याही भरपाईने परत मिळत नाही. घरच्या बियाण्याची उगवणशक्ती पेरणीपूर्वी तपासणे हा यावरील सोपा व जवळजवळ बिनखर्ची उपाय होय. तो सांगणारे पुष्कळ आहेत, परंतु करणारे किती? गावोगावी कार्य करणाऱ्या सेवाभावी संस्थांपुढे हाच प्रश्न असतो. मोबाईल त्यांना साहाय्यभूत होऊ शकतो. मात्र त्याचा वापर कसा करावा, हे प्रथम जाणून घेतले पाहिजे.

एक अनुभव

2006 साली बंगळूरु येथील मायक्रोसॉफ्टच्या संशोधन केंद्रात ‘डिजिटल ग्रीन’ या नावाने एक प्रयोग सुरू झाला. कर्नाटकातील एका सेवाभावी संस्थेची त्यास साथ होती. पुढे ‘डिजिटल ग्रीन’ ही स्वतंत्र संस्था झाली. तिची पद्धत साधी होती. त्याच परिसरातील शेतकऱ्याचे काम चित्रित करावयाचे व ते लहान गटापुढे दाखवावयाचे. कार्यकर्त्याने चित्रफीत मध्येच थांबवून प्रश्न विचारावयाचे आणि ते काम पुढे कोणी केले, याची नोंद ठेवावयाची. पाहणारे प्रथम विचारीत, “हा शेतकरी कोण? कोणत्या गावचा?” आपल्यासारख्याच जमिनीत राबणाऱ्या माणसाने करून दाखविलेल्या गोष्टीवर विश्वास बसतो, हे यावरून ध्यानी येते.

चित्रण कसे करावे

एका चित्रफितीत एकच विषय घ्यावा. गावातील एखाद्या शेतकरी भगिनीस वा बंधूस विनंती करावी व चित्रणास त्यांची संमती घ्यावी. पोत्याच्या वरून, मधून व खालून बी काढून, न निवडता 100 दाणे मोजावेत. ओल्या गोणपाटावर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी मांडाव्यात, वर दुसरे ओले गोणपाट अंथरून हलक्या हाताने गुंडाळी करावी व ती सावलीत ठेवावी. गोणपाट वाळू देऊ नये. सात-आठ दिवसांनी गुंडाळी उघडून निकोप कोंब मोजावेत. पहिल्या व शेवटच्या अशा दोन्ही दिवसांचे चित्रण करावे. कारण मोजणी डोळ्यांनी पाहिल्यावाचून खात्री पटत नाही. भाषा गावचीच असावी.

कोंब 70 किंवा अधिक निघाल्यास हेक्टरी 75 किलो बियाणे पुरते. थोडे कमी निघाल्यास त्या प्रमाणात बियाणे वाढवावे; फारच कमी असल्यास ते बी पेरू नये. निरनिराळ्या ठिकाणच्या बियाण्याची परीक्षा स्वतंत्र घ्यावी. सोयाबीनचे बीजावरण पातळ असते, म्हणून पोती आपटू नयेत, हेही चित्रफितीत दाखवावे.

दाखविणे व नोंद ठेवणे

चित्रफीत व्हॉट्सॲपवर पाठविली म्हणजे काम झाले, असे समजू नये. ज्यांच्याजवळ तसा मोबाईल नाही, ते त्यामुळे वंचित राहतात. पंधरा-वीस जणांस पारावर अथवा बचत गटाच्या बैठकीत एकत्र बसवून ती दाखवावी, थांबवावी, शंका विचारू द्याव्यात. हे काम पेरणीच्या किमान तीन आठवडे आधी व्हावे. बी निकामी ठरल्यास दुसरे मिळविण्यास अवधी हवा.

बैठकीनंतर प्रत्येकाचे नाव, परीक्षा घेतली की नाही व कोंब किती, एवढ्या तीनच गोष्टी टिपाव्यात. त्या मोबाईलमधील तक्त्यात भराव्यात व वहीतही उतरवाव्यात. ज्याच्या घरी परीक्षा झालेली नाही, तेथे कार्यकर्त्याने पुन्हा जावे. नोंदीचा खरा उपयोग हाच आहे. वरिष्ठांस आकडे कळविणे हा नव्हे.

संस्था स्वावलंबी व्हावी

संस्थेस साहाय्य करणाऱ्या ग्रामस्तरीय कार्यकर्त्याने सर्व कामे स्वतःच उरकू नयेत. गावातील किमान दोघांस चित्रण व नोंदी शिकवाव्यात. एकजण परगावी गेला तरी काम अडता कामा नये. आपली बदली झाल्यानंतरही पुढील वर्षी मृगाआधी त्या गावात गोणपाटे भिजू लागली, तर आपले शिकविणे सार्थकी लागले असे समजावे.