कोयनेचे भूकंप आणि जिज्ञासेची वाट

नवी कल्पना प्रतिभेच्या एखाद्या क्षणी अकस्मात सुचते, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः बहुतेक नवनिर्मितीच्या मुळाशी एक साधा, परंतु चिकाटीने विचारलेला प्रश्न असतो. कोयनानगर हे त्याचे बोलके उदाहरण होय.

दख्खनचे पठार भूकंपाच्या दृष्टीने स्थिर आहे, अशी एके काळी तज्ज्ञांची धारणा होती. शिवाजीसागर जलाशयात १९६१-६२ च्या सुमारास पाणी साठू लागले आणि लवकरच परिसरात सौम्य धक्के जाणवू लागले. त्यांची उपेक्षा न करता तेथे भूकंपमापक यंत्रे बसविण्यात आली व नोंदी सुरू झाल्या. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ परिमाणाचा भूकंप झाला. पावणेदोनशेहून अधिक माणसे दगावली, हजारो बेघर झाले. धरणाला तडे गेले; ते उभे राहिले.

या आपत्तीने दोन प्रश्न उभे केले. धरण अधिक बळकट कसे करावे, या पहिल्या प्रश्नाचे उत्तर अभियंत्यांनी धरणाच्या उंच भागांना मागून काँक्रीटचा आधार देऊन दिले. पाण्यामुळे भूकंप होतो काय, हा दुसरा प्रश्न अधिक अवघड होता. अमेरिकेतील मीड सरोवराच्या परिसरातही असे धक्के नोंदले गेले होते. वर्षानुवर्षांच्या नोंदी जलाशयाच्या पातळीशी ताडून पाहता, पावसाळ्यात तलाव भरल्यानंतर धक्के वाढतात, असे आढळले. भूगर्भातील ताण मुळातच असतो. पाण्याचा भार व खडकांच्या भेगांत वाढणारा दाब त्याला निमित्त ठरतो, असा उलगडा झाला.

जिज्ञासा येथेच थांबली नाही. केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने कराड येथे प्रयोगशाळा उभारली आणि कोयना परिसरात गोठणे येथे सुमारे तीन किलोमीटर खोल विवर खोदण्यात आले. काळ्या कातळाच्या सुमारे सव्वा किलोमीटर जाडीच्या थराखाली ग्रॅनाइटी खडक हाती लागला.

भूकंपाचे अचूक भाकीत अद्याप साध्य झालेले नाही. परंतु सौम्य धक्क्यांची नोंद ठेवली गेली नसती, तर पुढचे संशोधन कशाच्या आधारावर उभे राहिले असते? शाळेतील पर्जन्यमापकाची रोजची नोंद, गावातील विहिरीची महिनेवार पाणीपातळी आणि विद्यार्थ्याचे 'असे का?' हे विचारणे यांचे मोल म्हणूनच थोर आहे. उत्तर तयार नसले, तरी प्रश्न टिपून ठेवणे शिक्षक व पंचायत सदस्यांच्या हाती निश्चितच आहे.