डोक्यावरची बाकी

केस धुतल्यावर ते मोकळे व्हावेत, एवढीच साधी अपेक्षा असते. वाळल्यावर बोटं आरपार जावीत, पंख्याच्या वाऱ्यावर चार बटा उडाव्यात. पण अलीकडे घरोघरी वेगळीच तक्रार ऐकू येते. सकाळी डोक्यावरून अंघोळ झाली, केस वाळले, आणि दुपारी पाहावं तर ते टाळूला चप्प बसलेले. भांगापाशी तेलकट चमक, फणीच्या दातांत राखाडी, मेणासारखं काहीतरी. मग दुसऱ्या दिवशी पुन्हा न्हाणं, आधीच्यापेक्षा महाग बाटली. ती आठ-दहा दिवस बरी वाटते, आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

यात पैसा जातो हे खरंच. पण नुसता पैसा जात नाही. आपल्याकडे तेलकट दिसणाऱ्या केसांचा संबंध थेट आळसाशी लावतात, आणि तोही मुख्यतः बायकांच्या. पुरुषाचे केस चिकट दिसले तर 'दमलाय बिचारा', बाईचे दिसले तर 'न्हायलेली दिसत नाही'. जी आठवड्यातून तीनदा न्हाते तिला हे ऐकावं लागतं, तेव्हा तिच्यावर काय गुदरतं ते मी जवळून पाहिलं आहे.

बँकेच्या नोकरीत बदल्या ठरलेल्या. १९८०च्या दशकाच्या अखेरीस मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी होते. आमच्या शाखेत मालवणकडची एक मुलगी क्लार्क म्हणून आली. गुडघ्याला टेकणारी वेणी. काउंटरवर आलेल्या बायका पासबुक विसरून आधी वेणीकडे बघत. दोन-तीन महिन्यांतच त्या केसांची रया गेली. तेल तेच, साबण तोच, न्हाण्याचा वारही तोच. पण न्हाऊन आल्यावर केस सुंभासारखे राठ आणि हाताला चिकट. एके दिवशी शाखेतल्या एका वडीलधाऱ्या बाईंनी सगळ्यांदेखत विचारलं, "काय गं, तुमच्या कोकणात डोकं धूत नाहीत का?" ती नुसती हसली. त्यानंतर ती एक दिवसाआड पहाटे न्हायला लागली. जितका साबण जास्त, तितका चिकटपणा जास्त. दिवाळीला घरी गेली, विहिरीच्या पाण्यानं दोनदा न्हायली आणि केस पूर्वीसारखे झाले. परत आल्यावर पुन्हा तेच. संक्रांतीच्या आधी तिनं ती वेणी मानेपर्यंत कापून टाकली.

दोष पाण्याचा होता. आणि गंमत अशी, की गावात ते सगळ्यांना ठाऊक होतं. 'आमचं पाणी जड, डाळ शिजत नाही' असं प्रत्येक घरात म्हणत. डाळीच्या वेळी पाण्याला दोष देत, केसांच्या वेळी पोरीला.

शाळेच्या पुस्तकात याला 'दुष्फेन पाणी' असा शब्द होता. परीक्षेपुरता पाठ करून आपण तो विसरलो. पण शब्द नेमका आहे. ज्या पाण्यात फेस नीट होत नाही ते दुष्फेन. दख्खनच्या काळ्या कातळातून झिरपताना पाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार बरोबर घेऊन येतं. साबण या क्षारांना भेटला की त्याचा न विरघळणारा साका होतो. बादलीच्या कडेला जो पांढुरका, चिकट थर बसतो तो हाच. बादली घासता येते. लाखभर केस एकेक करून घासता येत नाहीत. कोकणात जांभ्याच्या विहिरींना धो-धो पावसाचं पाणी मिळतं, ते बहुतेक ठिकाणी हलकं. म्हणून देशावरचा माणूस कोकणात गेला की उलट कुरकुरतो, अंगावरचा साबण जातच नाही म्हणून. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याचा एकूण जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. बोअरचं पाणी पुष्कळदा पहिली मर्यादा ओलांडून जातं. आज पुण्याच्या आसपास धरणाचं पाणी मिळणाऱ्या पेठेतून बोअर आणि टँकरवर चालणाऱ्या उपनगरात राहायला गेलेल्या घरांत, 'नव्या फ्लॅटमध्ये आल्यापासून केस बिघडले' असं म्हणतात. वास्तुशास्त्राकडे जाण्याआधी नळाकडे बघावं.

मग आपल्या आज्यांचं कसं निभत होतं? त्या साबण लावत नसत, हे एक उत्तर. शिकेकाई आणि रिठा यांतलं फेस करणारं द्रव्य वेगळं, सॅपोनिन नावाचं. ते जड पाण्यात साबणासारखा साका धरत नाही. शिकेकाई थोडी आम्लही असते. फेस बेताचा; पण तेल उतरवण्यासाठी फेस लागतोच असं नाही. त्या काळाचे गोडवे मात्र मी गाणार नाही. शिकेकाई डोळ्यांत गेली की जीव जायचा, आणि निम्मी सकाळ केसांतला चोथा काढण्यात संपायची. नोकरीवर जाणाऱ्या बाईला ते परवडणारं नव्हतं.

म्हणून शाम्पू आला. शब्द आपल्याच बाजूचा, चंपीतला. १७५९ साली पाटण्याला जन्मलेल्या शेख दीन महंमदानं इंग्लंडमधल्या ब्रायटनला स्नानगृह काढून तिथल्या राजेलोकांना चंपी करून दिली. पुढे मालिश मागे पडलं आणि केस धुणं तेवढं त्या शब्दाला चिकटलं. खेड्यापाड्यांत मात्र शाम्पू पोचवला तो बाटलीनं नव्हे, पुडीनं. १९८३ साली सी. के. रंगनाथन यांनी तमिळनाडूतल्या कडलूरला आपला धंदा सुरू केला, आणि त्यांच्या 'चिक'सारख्या पुड्या किराणा दुकानांत माळेसारख्या लटकू लागल्या.

शाम्पूचा जड पाण्यात साबणासारखा साका होत नाही. क्षार केसांवर थोडेफार बसतातच, पण मोठी अडचण सुटली. आणि नेमकी तिथेच नवी सुरू झाली. न्हाणं म्हणजे मुळात वजाबाकी. १९८०च्या दशकाच्या शेवटी धुणं आणि मऊ करणं एकाच बाटलीत देणारे शाम्पू आले, आणि वजाबाकीच्या जोडीनं बेरीजही होऊ लागली. धुतलेल्या केसांवर ऋण विद्युतभार असतो, कंडिशनरमधल्या द्रव्यांवर धन. म्हणून ती चिकटून बसतात. सिलिकॉन केसावर पातळ पदर चढवतं, त्यानं केस गुळगुळीत आणि चमकदार दिसतात. राठ, लांब, कुरळ्या केसांना ते उपकारकच आहे. पण बारीक, सरळ केसांवर पदरावर पदर चढत गेले, वर सीरम, जेल, घाईच्या सकाळी फवारायचा कोरडा शाम्पू, की हिशेब जुळत नाही. रोज जमा होतं त्याहून कमी उतरतं, आणि बाकी डोक्यावर राहते. ती बाकी तेलासारखी दिसते, म्हणून आपण आणखी एक बाटली आणतो.

तेलाचंही सांगायला हवं. २००३ साली मॅरिको कंपनीच्या दोन संशोधकांनी दाखवलं, की खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं. खनिज तेल तसं करत नाही. कंपनी खोबरेलच विकते, हे लक्षात ठेवून वाचावं, पण निष्कर्ष पटण्याजोगा आहे. हलक्या वजनाची, सुवासिक म्हणून विकली जाणारी बरीच केशतेलं खनिज तेलावर बेतलेली असतात. ती केसाच्या वरच राहतात. आणि रोज धुतल्यानं टाळू चिडून जास्त तेल सोडते हा समज खरा मानायला आधार नाही. टाळूतल्या तेलग्रंथी मुख्यतः हार्मोन्सच्या हुकमानं चालतात. आपण कधी न्हायलो याची त्यांना खबर नसते.

तेव्हा आधी चिकटपणा कुठे आहे ते बघावं. मुळांशी असेल आणि दिवसभरात वाढत जात असेल तर तो टाळूच्या तेलाचा. शाम्पू टाळूवर, बोटांच्या पेरांनी, दोनदा लावावा. पहिल्यांदा फेस येत नाही, दुसऱ्यांदा येतो; आला म्हणजे तेल गेलं. केसांच्या लांबीवर, न्हाऊन लगेचच मेणचट लागत असेल तर ती बाटल्यांची किंवा पाण्याची बाकी. कंडिशनर फक्त खालच्या अर्ध्या भागाला, नाण्याएवढा, आणि वाटतं त्याच्या दुप्पट पाण्यानं धुवावा. दोन-तीन आठवड्यांतून एकदा, साचलेलं उतरवणारा, सिलिकॉन नसलेला साधा शाम्पू वापरावा. बाटलीमागच्या बारीक अक्षरांत 'कोन'नं संपणारी नावं दिसली तर ते सिलिकॉन, आणि 'ईडीटीए' दिसलं तर ते क्षारांना धरून ठेवणारं. बोअरच्या पाण्याच्या गावी तांब्याभर पाण्यात अर्धं लिंबू गाळून पिळावं, ते केसांवरून ओतावं, मग साधं पाणी. खाण्याचा सोडा मात्र नको. तो अल्कलीधर्मी, केस आणखी राठ होतात. पिवळसर खवले आणि खाज असेल तर हे घरचे उपाय सोडून त्वचेच्या डॉक्टरांकडे जावं.

पाणी जड आहे का हे कळायला प्रयोगशाळा लागत नाही. काचेच्या बाटलीत अर्धी बाटली पाणी, त्यात अंघोळीच्या साबणाचा कीस चिमूटभर. शाम्पू किंवा हात धुण्याचं लिक्विड नको, त्यांनी फसगत होते. झाकण लावून जोरात हलवावं. वर फेस, खाली नितळ पाणी, तर पाणी हलकं. फेस नाही आणि फाटलेल्या दुधासारखे कण तरंगले, तर जड. अशा घरांत शेवटचे दोन तांबे पागोळीच्या पाण्याचे किंवा गाळलेल्या आरओच्या पाण्याचे घ्यावेत. आरओच्या नळीतून वाया जाणारं पाणी बादलीत साठवून त्यानं न्हाणाऱ्या काटकसरी बायका मला माहीत आहेत. त्या पाण्यात घरातले सगळे क्षार गोळा झालेले असतात. ते फरशी पुसायला ठेवावं.