लग्नात बोलतं कोण?

कन्यादानाचा संकल्प भटजी इतक्या झपाट्याने उरकतात की मांडवात तो कुणाला कळत नाही. कळला, तर निम्मे वधूपिते चपापतील. या वरापासून या कन्येला होणाऱ्या संततीमुळे आधीच्या बारा आणि पुढच्या बारा पिढ्या पवित्र व्हाव्यात म्हणून मी हे दान करतो, असा त्याचा आशय. मग दोन्ही घराण्यांची गोत्रं आणि तीन-तीन पिढ्यांची नावं: पणजोबा, आजोबा, वडील. आजी-पणजी राहू द्या. त्या क्षणी पाण्याची धार सोडत उभ्या असलेल्या वधूच्या आईचंही नाव त्यात येत नाही.

त्यानंतर वधूपिता वराला बजावतो की धर्म, अर्थ आणि काम यांत हिला डावलू नकोस. वर ‘नातिचरामि’ म्हणतो. हे बंधन पुरुषावर आहे, असं परंपरेचे समर्थक आवर्जून सांगतात, आणि ते खरंच आहे. पण वचन मागणारा पुरुष, देणाराही पुरुष. जिच्याविषयी हे सगळं ठरतंय, तिला कुणी काही विचारत नाही.

पुढेही तेच. आश्वलायन गृह्यसूत्रातली सप्तपदी अन्न, बळ, धन, सुख, संतती, ऋतू अशी चढत सातव्या पावलाला सख्यापर्यंत पोचते. कल्पना मोठी देखणी, पण मंत्र वराच्या तोंडी, आणि त्यात मागणं पुष्कळ पुत्रांचं. पारस्कर गृह्यसूत्रातल्या लाजाहोमात वधू लाह्यांची आहुती देते, तेव्हा पतीला दीर्घायुष्य आणि माहेरच्यांची भरभराट मागितली जाते. तिथेही मंत्राची सुरुवात ‘ही स्त्री असं म्हणते’ अशा अर्थाची! गंमत अशी की ज्या सूक्तातून विवाहाचे कितीतरी मंत्र आले, त्या ऋग्वेदातल्या सूर्यासूक्ताची ऋषी परंपरेने एक स्त्रीच मानली आहे, सूर्या सावित्री. त्याच सूक्तात वधूला सासरची सम्राज्ञी म्हटलंय आणि इंद्राकडे तिच्यासाठी दहा पुत्रही मागितलेत.

जोतीराव फुल्यांनी नेमकी इथेच पाचर मारली. पहिला सत्यशोधक विवाह २५ डिसेंबर १८७३ रोजी झाला. भटजी नाहीत, एवढीच त्याची आठवण सहसा काढली जाते. मला १८८७ सालच्या त्यांच्या पूजाविधीच्या पुस्तिकेतली मंगलाष्टकं त्याहून धीट वाटतात. तिथे वधू आणि वर आळीपाळीने बोलतात. आम्हा बायकांना स्वातंत्र्याचा अनुभवच नाही, तेव्हा आमचे अधिकार देण्याची शपथ घे, असं वधू भर मांडवात मागते. स्त्रियांच्या हक्कांसाठी झटेन, असं वराला सर्वांसमोर सांगावं लागतं. कन्येचा दाता इथे उरतच नाही.

पुण्यात शंकरराव थत्ते यांनी स्त्रियांना पौरोहित्य शिकवलं. ज्ञानप्रबोधिनीने अर्थ मराठीत सांगत संस्कार करण्याची रीत रुजवली. दोन्ही कामं मोलाची. मात्र बारा पिढ्यांचा तो संकल्प पुरोहित बाईंनी म्हटला, तरी वधू गप्पच राहते.

कायद्याची यात आडकाठी नाही. १९५५च्या हिंदू विवाह कायद्याच्या सातव्या कलमात सप्तपदीचा उल्लेख आहे, कन्यादानाचा नाही. हिंदू विवाहाला कन्यादान अनिवार्य नाही, असं अलाहाबाद उच्च न्यायालयानेही २०२४ मध्ये म्हटलं. म्हणजे पोथीतली ती पानं गाळून फुल्यांची मंगलाष्टकं म्हटली आणि सात पावलं दोघांनी बोलत टाकली, तर लग्न कायद्याने तितकंच पक्कं. अडतं ते बैठकीत, याद्या करताना. आणि त्या बैठकीत मुलगी बहुधा चहाचा ट्रे ठेवून आत गेलेली असते.